आयात कर आणि पुसेगावची हळद

माझ्या नोकरीबद्दल लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, हळद तपासायला एवढं शिक्षण कशाला लागतं? दुसरा, सेनगाव तालुक्यातल्या एका शेडमध्ये बसून तुम्ही रोज अमेरिकेच्या बातम्या काहून वाचत होता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं द्यायला एक अख्खा पावसाळा सांगावा लागतो. तोच आज सांगते.

मी हिंगोलीची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर. बरीच वर्षं नांदेडच्या एका खासगी प्रयोगशाळेत तेल, डाळी, तिखट तपासत होते. मग पुसेगावहून थोडं आत असलेल्या एका शेतकरी कंपनीनं बोलावलं. कंपनी म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतल्या आणि तांड्यांवरच्या हळद पिकवणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली संस्था. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, निवडायची आणि थेट परदेशात पाठवायची. मी गुणवत्ता आणि निर्यात सांभाळायची. सगळे मला म्याडम म्हणायचे. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले अध्यक्ष परसरामभाऊ आडेसुद्धा.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. हळकुंडात ओल किती, रंग देणारा घटक किती, शिसं आहे का, फवारणीच्या औषधाचे अंश आहेत का, हे तपासायचं. शिशाचं तपासावं लागतं, कारण काही ठिकाणी हळद पिवळीधमक दिसावी म्हणून नको तो रंग चोळतात आणि त्याची शिक्षा प्रामाणिक माणसाच्या मालालाही भोगावी लागते. तपासणी पार पडली की कागद. एका कंटेनरमागे कागदांचा एवढा गठ्ठा लागतो की परसरामभाऊ म्हणायचे, "म्याडम, हळदीपक्षा कागदच जास्त पाठवून राहिलो आपुन."

यशाची गोष्ट सांगायच्या आधी एक चूक कबूल करते.

तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले त्या हिवाळ्यात आमचा एक कंटेनर युरोपला निघाला होता. हल्ल्यांच्या बातम्या मी टीव्हीवर रोज बघत होते. वाईट वाटत होतं, आणि चॅनल बदलत होते. त्या बातमीचा आणि आमच्या पोत्यांचा काही संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही. जहाज कंपनीनं सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून जहाज नेलं. प्रवास दोन आठवड्यांहून जास्त लांबला. कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, त्या मी जुन्या प्रवासाच्या हिशेबानं टांगल्या होत्या. त्या मधेच भरून गेल्या. छताला पाणी सुटलं, वरच्या थरातल्या पोत्यांना बुरशी आली आणि गिऱ्हाइकानं सगळा माल नाकारला.

मला कुणी दोष दिला नाही. परसरामभाऊ एवढंच म्हणाले, "लडाई काय आपुन लावली का म्याडम?" पण पिशव्या मी मोजून टांगल्या होत्या. शेतकऱ्यानं नऊ महिने सांभाळलेलं पीक माझ्या एका अंदाजानं बुरसलं होतं. त्या दिवसापासून बातमी ऐकली की मी स्वतःला विचारायची, ही आपल्या पोत्यापर्यंत कुठून येईल?

त्या सवयीनं पुढं आम्हाला तारलं.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टची सुरुवात. आमचे दोन कंटेनर अमेरिकेला जायचे होते. घेणारी बाई कॅरल. न्यू जर्सीमध्ये तिचा मसाले भरून विकायचा छोटा कारखाना आहे. तीन वर्षं ती आमच्याकडून हळद घेत होती आणि पुड्यावर आमच्या गावाचं नाव छापत होती. महिनाअखेरीला माल पाठवायचं ठरलं होतं. पोती निवडून तयार होत आली होती, शिशाचा आणि औषधांचा तपासणी अहवाल नुकताच हातात पडला होता. शुक्रवारी सकाळी बातमी आली की अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या मालावर पंचवीस टक्के आयात कर लावला. आधीचा दहा टक्के होताच, तो आता पंचवीस.

आमच्या सदस्यांना वाटलं, हा कर आपल्याला भरावा लागणार. तसं नसतं. आयात कर तिकडचा घेणारा तिकडच्या सरकारला भरतो. मग आपलं काय जातं? तेच मला कॅरलनं फोनवर सांगितलं. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. आवाज थकलेला होता.

तिचं म्हणणं असं होतं, "कर मी भरीन. पण तेवढी किंमत पुड्यावर वाढवली तर माझं गिऱ्हाईक दुसऱ्या देशाची हळद उचलेल. न वाढवली तर माझा कारखाना चालणार नाही. दुसरा कंटेनर मला रद्द करावा लागेल. पहिल्याचंही सांगता येत नाही. मला वाईट वाटतं."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच काळजी वाटली. त्या दोन कंटेनरांत एकशेचाळीस घरांची हळद होती. शेडमध्ये निवडणीच्या कामावर छत्तीस बाया होत्या. कॅरल गेली असती तर दिवाळीआधी अर्ध्या बायांना घरी बसवावं लागलं असतं.

मी तो सरकारी आदेश उतरवून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते, बारीक अक्षर सोडायचं नाही. तिथं एक कलम सापडलं. जो माल आदेशानंतरच्या सात दिवसांत शेवटच्या प्रवासाच्या जहाजावर चढला असेल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत उतरेल, त्याला नवा कर लागू नाही. जुना दहा टक्केच.

मी बंदरावरच्या आमच्या एजंटला, सावंतांना फोन लावला.

"मॅडम, कोलंबोमार्गे बुकिंग लगेच देतो," ते म्हणाले. "तिथं माल दुसऱ्या जहाजावर चढेल. स्वस्तही पडेल."

"कोलंबो नको," मी म्हणाले. "आदेशात शेवटचं जहाज म्हटलंय. तिथं माल बदलला की आपली तारीख कोलंबोची धरतील, आणि ती सात दिवसांच्या बाहेर जाईल. मला सरळ अमेरिकेला जाणारं जहाज पाहिजे."

सावंतांनी जहाजांची यादी चाळली. मग म्हणाले, "सरळ जाणारं एक आहे. सोमवारी संध्याकाळी त्याचं गेट बंद होतं, नंतर माल घेत नाहीत. तुम्ही हिंगोलीला आहात ना?"

"हिंगोलीच्याही पुढं," मी म्हणाले.

तीन दिवस होते. रिकामे कंटेनर यायचे होते, दीड हजाराच्या आसपास पोती भरायची होती, सहाशे किलोमीटरचा रस्ता होता आणि आभाळ भरून आलेलं होतं. मी कॅरलला परत फोन केला. माल त्या जहाजावर चढला तर ती दोन्ही कंटेनर घेईल, असा शब्द तिनं दिला.

शनिवारी दुपारी कंटेनर आले आणि त्यांच्या पाठोपाठ पाऊस आला. हळदीच्या पोत्यावर पावसाचे चार थेंब पडले तरी मी ते पोतं आत जाऊ देत नाही. शेडच्या दारापासून कंटेनरच्या दारापर्यंत पंधरा-वीस पावलांचं उघडं अंगण होतं. मी दारात उभी राहून विचार करत होते, तेवढ्यात निवडणीची मुकादम झमकूबाई शेजारी येऊन उभी राहिली. झमकूबाई तांड्यावरची. शाळेत गेलेली नाही, पण हळकुंड हातात घेतलं की ओल सांगते, आणि माझं यंत्र तिच्या मागून तेच सांगतं.

"म्याडम, काय बघून राहिल्या?"

"हे अंगण कसं ओलांडायचं?"

"लग्नात मांडव कसा घालतेत? तसाच घालू की."

तिनं बायांना हाक मारली. घरोघरच्या ताडपत्र्या आल्या, बांबू आले. दीड तासात शेडपासून कंटेनरपर्यंत असा बोगदा उभा राहिला की आतून पाऊस फक्त ऐकू येत होता. बाया दोन्ही बाजूंनी ताडपत्री ताणून धरून उभ्या, आणि मधून पोती चालली.

मी दारात ओल मोजायचं यंत्र घेऊन बसले होते. दर काही पोत्यांनी एक नमुना. दहा टक्क्यांच्या वर ओल असली की पोतं बाहेर. पहिला कंटेनर नीट गेला. दुसऱ्यात एका लॉटला साडेअकरा आली. परत मोजली, तेवढीच. पोत्यावरची चिठ्ठी बघितली. ती साठ पोती परसरामभाऊंची स्वतःची होती.

भाऊ समोरच उभे होते. आजूबाजूचे हमाल थांबले.

"म्याडम," भाऊ हळू आवाजात म्हणाले, "दीड टक्क्यानं काय होतंय? टाइम न्हाई आपल्याकडं."

"भाऊ, जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार आहे. चाळीस दिवस कंटेनर बंद राहणार. युरोपच्या मालाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

भाऊंनी चिठ्ठी स्वतः वाचून बघितली. अध्यक्ष माणूस, सगळ्यांसमोर. मग त्यांनीच पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि शेडमध्ये परत नेऊन टाकलं. "बराबर हाय तुमचं," एवढंच म्हणाले. त्यांच्या जागी दुसऱ्या सदस्यांची कोरडी पोती गेली. या वेळी ओल शोषणाऱ्या पिशव्या मी नेहमीच्या दुप्पट टांगल्या. रविवारी सकाळी दहाला दोन्ही दारं बंद झाली आणि सील लागलं.

साडेदहाला फोन आला की पुसेगावच्या बाजूच्या ओढ्यावर पाणी आलंय आणि पूल बुडाला.

ट्रकवाल्यांचा म्होरक्या इस्माईलभाई. पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, "म्याडम, पानी उतरायला संध्याकाळ होती. मंग सोमवारी टाइमपर पोचायची गॅरंटी मैं नहीं देता."

दुसरा रस्ता साखरा गावाकडून फिरून जात होता. पण तो गावागावांतून जातो, आणि गावात घरोघर गेलेल्या विजेच्या वायरी खाली लोंबत असतात. कंटेनर लावलेला ट्रक उंच असतो. एक वायर अडकली तरी ट्रक तिथंच उभा.

परसरामभाऊंनी वायरमनला फोन लावला. त्याला ते लहानपणापासून ओळखत होते. "बाबा, दोन घंटे लाइन बंद कर. गावाला मी सांगतो."

वायरमननं वरून परवानगी घेतली, लाइन बंद केली आणि स्वतः मोटारसायकलवरून पुढं आला. तांड्यावरून आणि वाटेतल्या वस्त्यांवरून माणसं निघाली. त्यातली निम्मी कंपनीची सदस्यसुद्धा नव्हती. हातात लांब कोरडे बांबू. वायरमन बंद असल्याची खात्री करून खूण करायचा, मग चौघं बांबूनं वायर वर उचलून धरायचे आणि इस्माईलभाई मुंगीच्या चालीनं ट्रक खालून काढायचा. मी पावसात छत्री धरून मागं चालत होते. एका घराच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

"हळद अमेरिकेला चालली, आबा," कुणीतरी सांगितलं.

"मंग पंखा बंद पडला तर पडू द्या," ते म्हणाले आणि खुर्ची बाहेर घेऊन बसले.

दुपारी अडीचला दोन्ही ट्रक जिंतूर रोडला लागले. सोमवारी सकाळी अकराला सावंतांचा फोन आला, कंटेनर बंदरात गेले. मंगळवारी दुपारी त्यांनी जहाजाचा कागद पाठवला. त्यावर माल जहाजावर चढल्याची तारीख होती. मुदतीला अजून दीड दिवस शिल्लक होता. मी तो कागद छापून शेडच्या दारावर चिकटवला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी हात लावून बघितला.

आनंद दोनच दिवस टिकला. भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आणखी पंचवीस टक्के लावले, एकूण पन्नास. युद्ध चाललंय युक्रेनमध्ये, तेल जातंय जामनगरच्या रिफायनरीत, आणि भार पडतोय पुसेगावच्या हळदीवर. मी पुन्हा आदेश वाचायला बसले. पुन्हा तसंच कलम होतं, फक्त मुदत आखूड. माल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडं उतरला पाहिजे, नाहीतर हा वाढीव कर बसणार.

आता आमच्या हातात काही नव्हतं. जहाज समुद्रात होतं. ते कुठं आहे हे मोबाइलवरच्या नकाशात दिसतं. रोज जेवणाच्या सुट्टीत बाया माझ्याभोवती जमायच्या. आफ्रिकेचं खालचं टोक त्यांना पाठ झालं. एक दिवस जहाज तिथंच रेंगाळल्यासारखं दिसलं. वादळ होतं. त्या दिवशी कुणी डबा नीट खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी ते वळून वर निघालेलं दिसलं तेव्हा झमकूबाई म्हणाली, "आता घराकडं लागलं," जणू बैलगाडीबद्दलच बोलत होती.

मुदतीच्या चार दिवस आधी जहाज न्यूयॉर्कला लागलं आणि मुदतीच्या आत माल सुटला. कॅरलनं दार उघडल्याचा व्हिडिओ पाठवला. वरच्या थरातली पोती तिनं हातानं दाबून दाखवली. कोरडी ठणठणीत. दोन्ही कंटेनरांवर जुना दहा टक्केच कर बसला. आम्ही तो व्हिडिओ शेडमध्ये किती वेळा बघितला ते सांगत नाही.

पण गोदामात अर्धं पीक अजून पडून होतं, आणि पन्नास टक्क्यांत अमेरिकेचं कुणीही नवी मागणी देणार नव्हतं. ऑगस्टअखेरीला, जहाज समुद्रात असतानाच झालेल्या सभेत काही संचालक म्हणाले होते, मिळेल त्या भावानं मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, घालून मोकळं होऊ. मी थांबा म्हणाले. माझी कारणं बातम्यांतूनच आली होती. त्या वर्षी महागाई उतरल्यामुळं रिझर्व्ह बँकेनं व्याजदर बराच खाली आणला होता. गोदामातल्या मालावर काढलेल्या कर्जाला बँक जे व्याज लावते तेही त्यामागं उतरलं होतं. म्हणजे दोन-तीन महिने वाट बघणं पूर्वीइतकं महाग नव्हतं. एवढ्या वेळात दुसरं गिऱ्हाईक शोधता येईल, असं मला वाटत होतं.

"अन् न्हाई सापडलं तर?" एका संचालकानं विचारलं.

परसरामभाऊ म्हणाले, "साठ पोती माझी हायत गोदामात. मी थांबतो. ज्याला विकायची त्यानं खुशाल विकावी." कुणीच विकली नाही. त्यांची पोती तोवर वाळवून साडेनऊ टक्क्यांवर आली होती.

मी जपान आणि आखातातल्या खरेदीदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्रात कौतुक काही लिहिलं नाही, फक्त तपासणीचे सगळे अहवाल जोडले, आणि युरोपचा माल का नाकारला गेला हेही लिहिलं. माझ्या सहकाऱ्यांना ते पटलं नव्हतं. पण जपानच्या माणसानं उत्तर दिलं ते त्याच ओळीवर. ज्यानं आपली चूक लिहून कळवली त्याच्याकडून नमुना मागवायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दोनदा नमुने गेले. दोन्ही पास झाले आणि मागणी आली. दुबईच्या एका पॅकिंगवाल्यानं त्याआधीच एक कंटेनर उचलला होता. दिवाळीला गोदाम रिकामं होतं आणि छत्तीसच्या छत्तीस बाया कामावर होत्या. पुढं अमेरिकेनं मसाल्यांच्या काही जिनसांवरचा बोजाही हलका केला, त्यात हळद होती. कॅरलनं पहिल्याच आठवड्यात फोन केला. तिला मी सांगितलं की यंदा तिला रांगेत तिसरं उभं राहावं लागेल. ती खूप हसली.

यंदा मार्चमध्ये मी निवृत्त झाले. त्याच आठवड्यात परभणीहून काही प्राध्यापक आणि विद्यार्थी आमचं काम बघायला आले होते. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "रुपया घसरला की तुमचा फायदा होतो का तोटा?"

मी उत्तर द्यायला उठले, तेवढ्यात निवडणीच्या ढिगाजवळून झमकूबाई बोलली. "दोन्ही होतंय, बाई. हळद डॉलरात विकतो, तर तवा रुपये जास्त येतेत. पन डिझेल बाहेरून येतंय, ते महाग व्हतंय. पॉलिशची मशीन डिझेलवर, ट्रक डिझेलवर. म्हून रुपया पडायला लागला की आमी आधी तयार माल रवाना करतो, मंग मशीन चालवायचं बघतो. अन् सगळी हळद एकाच देशाला देत न्हाई. एका देशाचं दार लागलं तर दुसऱ्याचं उघडं पाहिजे."

मुख्य प्राध्यापकांनी खिशातून पेन काढला, वही उघडली आणि म्हणाले, "मावशी, हे जरा सावकाश परत सांगता का?"

झमकूबाईनं हातातलं हळकुंड ढिगावर ठेवलं, पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी माझ्या खुर्चीत परत बसले.